वाकळेचे रंग कसे जुळवावेत

वाकळ शिवायला बसायचे दिवस आपल्याकडं ठरलेले आहेत. शाळू घरात आलेला असतो, ऊस कारखान्याला गेलेला असतो, शिमगा उलटलेला असतो आणि मृग निघायला अजून अवकाश असतो. या दिवसांत गडहिंग्लजच्या गल्ल्यांत आणि भडगाव, नूल, महागाव, हलकर्णीच्या अंगणांत जुनी लुगडी पसरली जातात. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले जातात आणि दोघी-तिघी जणी धावदोरा घालत कडेनं आत सरकू लागतात. टाका कसा घालायचा हे सांगायला घरात कुणी ना कुणी असतंच. रंग कसे लावायचे हे मात्र कुणी सांगत नाही. ‘दिसंल ते लाव’ एवढ्यावर तो विषय संपतो.

पण ज्यांच्या वाकळा वाळत घातल्या की येणारा-जाणारा थांबून बघतो, त्या बायका दिसेल ते लावत नाहीत. त्या दोन गोष्टी पाळतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. एक, नमुना आधी मनात धरत नाहीत. पेटीत कापड काय आहे ते बघून ठरवतात. दुसरी, दोन तुकडे शेजारी ठेवताना तांबडा की हिरवा हे बघण्याआधी फिका कुठला आणि गडद कुठला ते बघतात. एवढं साधलं की घरात असतील त्या चिंध्यांतून देखणी वाकळ होते, विकत कापड आणायची गरज पडत नाही. हाच त्यांचा हिशेब इथं पायरीपायरीनं मांडते आहे.

आधी पेटी रिकामी करा

घरातली सगळी जुनी कापडं एकाच वेळी बाहेर काढा. गाठोड्यातून एकेक ओढत बसलं की जे वर असतं तेच वापरलं जातं आणि चांगली कापडं तळाला राहतात. नऊवारी लुगडी, सहावारी पातळं, धोतरं, सदरे, चौकडीच्या लुंग्या, गाऊन, शाळेचे गणवेश, खणाच्या चोळ्या, उशांचे अभ्रे, सगळं डोळ्यासमोर हवं. एकरंगी कापड कमी आहे असं दिसलं तर गल्लीतल्या टेलरकडं जा. ब्लाउजच्या अस्तराची आणि टू बाय टूची कात्रणं त्याच्याकडं पोत्यानं पडलेली असतात. ती बहुधा सुती, साधी आणि हव्या त्या रंगात मिळतात. वाकळेला सगळ्यात जास्त उणीव साध्या कापडाची भासते, कारण आपली पातळं जवळजवळ सगळी छापील. त्यामुळं ही कात्रणं जपून ठेवा.

मग निवड करायची. सुती एका बाजूला, टेरिकॉट-पॉलिस्टर दुसऱ्या बाजूला. हातानं कळत नसेल तर कडेचा एक दोरा काढून तो चिमट्यात धरून पेटवून बघा, चुलीजवळ किंवा मोरीत, मुलं लांब ठेवून. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. दोन्ही कापडं एका वाकळेत नकोत. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि दोन धुण्यांत जोडावर चुण्या पडतात. गडहिंग्लज हे फुटबॉलचं गाव, त्यामुळं घरटी दोन-चार जर्सी निघतातच आणि पोरांचा हट्ट असतो की त्याही वाकळेत घ्या. त्या घ्यायच्याच तर त्यांची वेगळी, पातळ, उन्हाळी चादर शिवा. सुती वाकळेत त्या ना ऊब देतात, ना घाम टिपतात.

कापडाचा जीव किती उरला आहे तेही बघा. कापड उजेडासमोर धरलं की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. दोन्ही हातांनी उभं आणि आडवं ओढून बघा. करकर आवाज आला तर तो तुकडा आतल्या थरात घाला, वर लावू नका. लुगड्याचा बसण्याचा आणि कासोट्याकडचा भाग आधी जातो. पदर आणि काठ मागं बराच काळ धड राहतात. दंड घातलेलं लुगडं असेल तर दंडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर कापड सोडून द्या.

शेवटची परीक्षा रंगाची. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुण्याची आपल्याकडं रीत आहे, नदीला असो की दारात. त्या एका दिवशी वाकळेला वर्षाचा मार बसतो. एका तुकड्याचा रंग गेला तर शेजारचे दहा तुकडे खराब होतात. तांबडं, गर्द निळं, काळं आणि जुने खण यांच्यावर बिलकूल विश्वास ठेवू नका. तुकडा कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, मग ओला असतानाच पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा. फडक्यावर डाग उमटला तर पुन्हा धुवा; तिसऱ्यांदाही उमटला तर ते कापड बाजूला काढा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं म्हणतात, पण त्या भरवशावर वाकळ शिवायला घेऊ नका.

केवढी आणि कुणासाठी

बाळाचं दुपटं ३६ इंच लांब-रुंद पुरतं. एका माणसाच्या पांघरुणाला ५ फूट बाय ७ फूट धरा. हातानं दाट धावदोरा घातला की कापड आत ओढलं जातं, म्हणून मोठ्या वाकळेला चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवावेत. पहिल्यांदाच करत असाल तर दुपट्यापासून सुरुवात करा. रंगाचा अंदाज दुपट्यात कळतो आणि चुकलं तरी फार कापड जात नाही.

चिंध्याच नमुना सांगतात

आता उरलेल्या सुती कापडाच्या ढिगाकडं बघा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्याकडं जास्त काय आहे? बारीक तुकडे, लांब पट्ट्या की वेडेवाकडे, कुठल्याच मापात न बसणारे तुकडे?

बारीक तुकडे जास्त असतील तर नऊ घरांची चौकडी घ्या. अडीच इंचाचे चौकोन कापायचे, शिवणीत चारी बाजूंनी पाव-पाव इंच जाऊन दोन इंचाचं घर उरतं. तीन बाय तीन जोडले की सहा इंचाची चौकडी होते. प्रत्येक चौकडीत पाच गडद आणि चार फिके, चार कोपरे आणि मधलं घर गडद. मग एक चौकडी, एक सहा इंची साधा चौकोन, अशी आलटून-पालटून मांडणी. ३६ इंची दुपट्याला १८ चौकड्या आणि १८ साधे चौकोन लागतात; म्हणजे गडद ९० आणि फिके ७२ तुकडे. साधे चौकोन सगळे एकाच कापडाचे ठेवा. सगळीकडं चौकड्याच लावल्या तर डोळ्याला थांबायला जागा राहत नाही. विरळ, जुनं कापड असेल तर शिवणीला पाव इंचाऐवजी अर्धा इंच धरा आणि तुकडे तेवढे मोठे कापा.

लुगड्यांचे काठ आणि पदर भरपूर असतील तर चौकोनांच्या नादाला लागू नका. काठाची शोभा त्याच्या लांबीत आहे. तो तोडून चार इंचाचे तुकडे केले की त्यातली नक्षी कुठूनच कळत नाही. उभ्या पट्ट्यांची वाकळ करा: एक काठ, शेजारी तीन-चार इंच साधं कापड, मग दुसरा काठ. पट्ट्यांची रुंदी मुद्दाम कमी-जास्त ठेवा. सगळ्या सारख्या झाल्या तर ती सतरंजी दिसू लागते.

लांब पण अरुंद पट्ट्या, म्हणजे सदऱ्यांच्या बाह्या, लुंग्यांचे तुकडे, टेलरकडची कात्रणं, जास्त असतील तर माझी पसंती एकाच नमुन्याला आहे. मध्ये एक चौकोन आणि त्याच्याभोवती फिरत-फिरत लावलेल्या पट्ट्या. अमेरिकेत याला लॉग केबिन म्हणतात आणि तिथं तो एकोणिसाव्या शतकापासून घरोघरी शिवला गेला. त्याचं सगळं सौंदर्य एका नियमात आहे: चौकोनाच्या लागून असलेल्या दोन बाजूंना फिक्या पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. रंग कुठलेही असोत, एवढं पाळलं की प्रत्येक चौकट तिरक्या रेषेनं दोन भागांत विभागलेली दिसते, अर्धी उजेडात, अर्धी सावलीत.

माप असं घ्या. मधला चौकोन साडेतीन इंचाचा कापा. पट्ट्या सगळ्या दोन इंच रुंद कापा. शिवणीत जाऊन दीड इंच उरतात. पहिली फिकी पट्टी लावा, वळून दुसरी फिकी, मग गडद, मग गडद; झाला एक फेरा. असे तीन फेरे झाले की बरोबर १२ इंचाची चौकट तयार होते. अशा २४ चौकटी, आडव्या चार आणि उभ्या सहा, आणि चहूबाजूंनी सहा इंचाचा लुगड्याचा काठ (टाक्यांच्या ओढीचे दोन इंच वेगळे), म्हणजे ५ फूट बाय ७ फुटांची वाकळ पुरी. पट्ट्यांना एकंदरीत ४५ इंच पन्ह्याचं साधारण तीन मीटर कापड लागतं. फिक्यापासून सुरुवात करत असाल तर गडद पट्ट्या बाहेरून येतात आणि थोड्या लांब लागतात, म्हणून निम्म्याहून जरा जास्त कापड गडद ठेवा.

चौकटी जोडायच्या आधी जमिनीवर फिरवून बघा. एक चौकट सुलटी आणि शेजारची अर्धा फेरा फिरवून उलटी, अशा आडव्या-उभ्या आलटून-पालटून लावल्या की वाकळभर तिरक्या सऱ्या पडतात. चार चौकटींचे फिके कोपरे एकत्र आणले की मध्ये उजेडाचा मोठा चौकोन हिऱ्यासारखा उभा राहतो आणि बाहेरच्या चौकटी तशाच फिरवत गेलं की त्याच्याभोवती गडद-फिकी कडी तयार होतात. त्याच २४ चौकटी, पण दर वेळी वेगळी वाकळ. या खेळाला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

वेडेवाकडे तुकडे उरले असतील तर ते मापात कापून अर्धे वाया घालवू नका. आपली जुनी पद्धत त्यांच्यासाठीच आहे. खाली लुगडं पसरायचं, त्यावर आतले थर, आणि वरून तुकड्याच्या कडा आत दुमडत एकमेकांवर चढवून लावत जायचं. तोच धावदोरा सगळे थर एकदम पकडतो. संकेश्वरच्या पलीकडं कर्नाटकात कौदी शिवतात तीही अशीच. त्याहून पुढं, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरच्या सिद्दी बायका याच रीतीनं ज्या गोधड्या करतात त्यांची ख्याती आता परदेशी संग्रहालयांपर्यंत गेली आहे. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं फिरत मध्यावर येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचं ‘फूल’ लावतात. फुलाशिवाय गोधडी त्यांना उघडी वाटते. त्यांच्या कामातून घेण्यासारखी एक गोष्ट: मोठा आकार मोकळा असला तरी त्यात एक-दोन रंग ठरावीक अंतरानं पुन्हा-पुन्हा आणायचे. तांबडा चौकोन इथं दिसला, हातभर अंतरावर पुन्हा दिसला, की नजर आपोआप वाट धरते.

फिकं आणि गडद

वाकळ फसते ती बहुतेक वेळा इथंच. रंग छान असतात, तुकडे नेटके असतात, टाके दाट असतात आणि तरीही लांबून सगळं एकच मळकट दिसतं. कारण तांबडा आणि हिरवा आपल्याला अगदी वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर पाच पावलांवरून ते एकमेकांत मिसळतात.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या सोप्यात मी हे घडताना जवळून बघितलं. बाटलीहिरव्या छापील पातळाचे आणि डाळिंबी लुगड्याचे चौकोन त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले होते. हातात घेतलं तर एकेक तुकडा सुरेख. आजी उठल्या, उंबऱ्यापाशी जाऊन वळल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, “ह्ये लांबनं एकच दिसाय लागलंय की.” नात म्हणाली, “मग दुसरं पातळ आणू?” “कशाला? उलाट की त्येला.” नातीनं हिरवे चौकोन एकेक करून उलटे केले. पातळाची छपाई मागच्या बाजूला अर्धवटच उतरली होती; तिथला हिरवा धुरकट, शेवाळी होता. दहा-बारा चौकोन उलटे होईपर्यंत पट उठून दिसायला लागला आणि डाळिंबी रंग पुढं आला. आजींनी मग चार हिरवे चौकोन परत सुलटे केले, मध्याच्या चार बाजूंना एकेक, आणि बसल्या शिवायला.

छापील कापड उलटं केलं की फिकं मिळतं, ही युक्ती लक्षात ठेवा. विणतानाच रंगीत सूत घातलेलं लुगडं किंवा चौकडीचा सदरा दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, तिथं ती चालत नाही. तिथं मिऱ्यांच्या आतला आणि बाहेरचा भाग बघा. उन्हानं आणि धुण्यानं एकाच लुगड्याच्या दोन-तीन छटा झालेल्या असतात आणि त्या एकमेकींशेजारी फार गोड दिसतात. अमेरिकेत अलाबामामधल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. पँटचा खिसा उसवल्यावर त्याखालचं न विटलेलं, गर्द कापड दिसतं, तो डाग त्यांनी कापून टाकला नाही. तोच गोधडीत आणला. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या, तेव्हा कलासमीक्षकांनीसुद्धा त्यांची तारीफ केली. तेव्हा जीनचा खिसा उसवा आणि ती खूण वापरा.

काम असं करा. सगळ्या तुकड्यांचे तीन गठ्ठे घाला: फिके, गडद आणि मधले. रंग कुठला याचा विचार सोडून द्या. लिंबू रंगाचा तुकडा आणि मोतिया तुकडा एकाच गठ्ठ्यात जातील. वांगी, चंद्रकळा, बाटलीहिरवा दुसऱ्या गठ्ठ्यात. मधल्या गठ्ठ्यात राखी, अबोली, खाकी, चिंतामणी. शंका आली की तुकडे शेजारी ठेवून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून जातात आणि फक्त फिकं-गडद उरतं. बहुतेक घरांत मधला गठ्ठा सगळ्यात मोठा निघतो. तो मोठा निघाला तर घाबरायचं कारण नाही, मात्र त्यातला तुकडा एकट्यानं काम करत नाही. तो फिक्याशेजारी गडद ठरतो आणि गडदाशेजारी फिका, हे लक्षात ठेवून त्याची जागा ठरवा.

फिका गठ्ठा फार लहान असेल तर धोतर काढा. पण रोजच्या वापराच्या वाकळेत पांढरंशुभ्र लावू नये. मळतं लवकर आणि धुऊन-धुऊन पिवळं पडतं. बदामी, मोतिया, फिकट राखी तेच काम जास्त दिवस करतात.

मग रंग

आता रंगांकडं वळायचं. एक मुख्य रंग, एक सोबतीचा आणि एक उठावाचा, एवढं मनात धरा. दहा तुकड्यांत सहा मुख्य रंगाच्या घराण्यातले, तीन सोबतीचे, एक उठावाचा, असा साधारण अदमास. घराण्यातले म्हणजे एकाच छटेचे नव्हेत. निळा मुख्य असेल तर चिंतामणी, गर्द निळा, मोरपंखी, शाळेच्या पिनोचा निळा, सगळे चालतील. एकाच छटेचं सगळं जुळवत बसाल तर वाकळ दुकानातल्या चादरीसारखी होते आणि तिचा जीव जातो.

उठावाचा रंग थोडाच असावा, पण तो वाकळभर विखुरलेला असावा. हळदी, संकेश्वरी मिरचीचा लालभडक, गुलबक्षी, हे एका तुकड्यानंसुद्धा डोळा ओढून घेतात. असा तुकडा एकटा एका कोपऱ्यात पडला तर तो डाग वाटतो. निदान तीन ठिकाणी, वाकड्या त्रिकोणात बसवा.

कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर घरातल्या एखाद्या इरकल लुगड्याला विचारा. गर्द निळं किंवा काळं अंग, त्याला डाळिंबी-तांबडा टोप पदर आणि त्या पदरात पांढऱ्या रेघा. विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जुळवलेला हिशेब त्यात आहे: गडद भरपूर, तांबडा मोजका, पांढरा जेमतेम. तेच प्रमाण वाकळेत आणा. पुरुषांचे सदरे फार असतील तर फिकट निळा, राखी, पांढरट रेघा असा थंड ढीग जमतो. त्याला गुळेदगुड्डच्या खणाचे पाच-सहा हळदी नाहीतर हिरवे तुकडे द्या, सगळी वाकळ जागी होते. खण लावताना सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवा, कारण त्याची चमक आडवी-उभी वेगळी दिसते.

आणि घरात सगळ्याच रंगांचं सगळंच थोडं-थोडं असेल, जे बहुधा असतंच, तर रंग निवडू नका. सगळे घ्या आणि दोन चौकोनांमध्ये दीड इंचाची एकाच गडद रंगाची पट्टी घाला. एखादी विटलेली चंद्रकळा यासाठी सोन्यासारखी. त्या काळ्या रेषांत बसलं की एरवी एकमेकांशी भांडणारे रंग आपापल्या घरात गप्प बसतात.

नक्षीचंही तेच. मोठी फुलं, बारीक बुट्टी, रेघा, चौकडे आणि साधं, यातलं निदान तीन प्रकारचं कापड असावं, आणि तीनात एक तुकडा साधा हवाच. मोठ्या फुलांचं पातळ लहान चौकोनात कापलं की फूल मोडतं आणि रंगांचे नुसते शिंतोडे दिसतात. ते कधीकधी फार छान दिसतं. फूल अख्खं हवं असेल तर चौकोन फुलाला बघून कापा, फूल चौकोनाला बघून नव्हे.

मांडणी, मगच सुई

कापून झालेले सगळे तुकडे जमिनीवर मांडा. पंखा बंद ठेवा. दोन एकसारखे तुकडे शेजारी आलेले नाहीत ना, सगळे गडद एका बाजूला गोळा झालेले नाहीत ना, एवढं बघा आणि मग माडीच्या जिन्यावरून किंवा स्टुलावर उभं राहून फोटो घ्या. फोटोत जे खटकतं ते जमिनीवर बसून दिसत नाही. एका वेळी एकच तुकडा हलवा, पुन्हा बघा. रात्रभर तसंच ठेवता आलं तर सकाळच्या उजेडात परत बघा. बल्बच्या पिवळ्या उजेडात निळा आणि हिरवा फसवतात.

आपल्या पद्धतीनं कडेकडेनं फेरे घालत शिवलं की सगळ्या टाक्यांच्या ओळी मध्यावर जाऊन थांबतात आणि नजरही तिथंच जाते. म्हणून तुमच्याकडचा सगळ्यात देखणा तुकडा, आईच्या शालूचा असो की मुलीच्या परकराचा, मध्यावर ठेवा. कडेचे तुकडे अंगाखाली दुमडले जातात, जास्त झिजतात. तिथं मजबूत आणि गडद कापड असू द्या.

वाकळ मजुरीनं दुसरीकडून शिवून घेत असाल तर कापडांचं एक गाठोडं बांधून देऊ नका. फिक्यांची एक पोतडी, गडदांची एक आणि उठावाच्या तुकड्यांची पिशवी वेगळी द्या आणि मध्यावर ठेवायचा तुकडा दाखवून ठेवा. बाकीचं शिवणारणीवर सोडा. तिच्या हातून शेकड्यांनी वाकळा गेलेल्या असतात. प्रत्येक चौकोन आपण सांगायला गेलं तर तिचा हात अवघडतो.

पाठ, कड आणि दोरा

पाठीला अख्खं लुगडं किंवा पातळ घ्या, मऊ, आणि मळखाऊ रंगाचं. वरची बाजू गजबजलेली असेल तर पाठ साधी ठेवा. वर साध्या पट्ट्या असतील तर पाठीला फुलाफुलांचं चालेल. पातळ पाठीतून आतल्या गडद थराची सावली दिसते, म्हणून फिक्या कापडाखाली फिकेच थर घाला. आत दोन-तीन थर पुरेत. जास्त घातले तर सुई जात नाही आणि श्रावणातल्या उघडझापीत वाकळ चार दिवस वाळत नाही.

कडेची पट्टी वाकळेतल्या सगळ्यात गडद रंगांपैकी एकाची करा. ती चित्राच्या चौकटीसारखं सगळं आवरून धरते आणि मळ दाखवत नाही. ती सलग हवी. चारी बाजूंना चार रंगांच्या पट्ट्या लावल्या की आतली मेहनत सैल पडते.

दोरा जाड, सुती आणि मेण लावलेला. पांढरा दोरा गडद कापडावर उठतो, फिक्यावर मिसळतो, त्यामुळं त्यानं वाकळभर आपोआप एक दुसरा नमुना तयार होतो; आपल्या जुन्या वाकळांत तोच वापरलेला दिसतो. वरचे तुकडे फार नाजूक रंगांचे असतील तर राखी किंवा बदामी दोरा घ्या. काळा दोरा फिक्या कापडावर ओरखड्यासारखा दिसतो, तो टाळा. दोन ओळींमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवलं की वाकळ मऊ राहते आणि विरलेलं कापडही टाक्यांच्या आधारानं बरीच वर्षं तग धरतं. ओळी थोड्या नागमोडी झाल्या तरी चालेल, पण अंतर सगळीकडं सारखं हवं. एका जागी दाट आणि दुसरीकडं विरळ टाके पडले की विरळ भाग फुगतो आणि तिथला रंगही उगाच पुढं आल्यासारखा दिसतो.

पहिलं धुणं एकटं करा, दुसऱ्या कपड्यांत नको. गार पाण्यात, कमी साबणात, पिळा न घालता. पाणी रंगीत दिसलं तर ते ओतून टाका आणि स्वच्छ पाण्यात लगेच खळबळून काढा, भिजत ठेवू नका. वाळत घालताना पाठीची बाजू उन्हाकडं करा.